मी नको म्हटलं होतं, तरी सी, डी आणि ई केलंच

सांगून आलो होतो. दोनदा. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात काउंटरवर हात ठेवून त्या पोट्ट्याला म्हटलं, "बाबू, 512 जीबीची एसएसडी डिस्क टाक, विंडोज टाक, पण पार्टिशन करू नको, म्हणजे डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे नको. एकच सी ठेव." तो मान हलवून "हो काका" म्हणाला. मे महिन्याच्या उन्हात दुपट्टा बांधून सीपीयू घरी आणला, चालू केला, तर सी 100 जीबी, डी 188, ई 188! फोन केला तर म्हणतो, "सगळ्याइले असंच करून देतो ना काका. सी ले 100 बस होते."

बस होते? आज सकाळी सी लाल झाला. 4 जीबी उरले आणि अपडेट अडकलं. अरे, विंडोज, त्याचे अपडेट, हायबरनेशनची फाइल (मशीन झोपताना मेमरी साठवते ती), पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरते ती), प्रत्येक सॉफ्टवेअरचा पसारा, सगळं सी वरच येऊन पडतं. डाउनलोड आणि डेस्कटॉपही तिथंच असतात. तुझ्या घरी 100 पुरत असतील, माझ्या घरी नाही पुरत!

आणि खरा संताप तर पुढे आहे. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, 110 जीबीचा. डी वर 90 रिकामे, ई वर 70 रिकामे. म्हणजे 160 जीबी जागा माझ्या पैशाची, माझ्या घरात, आणि एक फाइल ठेवायला जागा नाही! डी मधली जागा सी ला द्यायला गेलो तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम', म्हणजे जागा वाढवायचा पर्याय, करडा, दाबताच येत नाही. डी आकसला तर जागा त्याच्या शेवटाला सुटते, आणि सी ला ती लागते अगदी लगत, उजवीकडे. मध्ये डी ठाण मांडून बसलेला. भिंत त्यानं घातली, डोकं मी आपटायचं.

पार्टिशनला कधी काही अर्थच नव्हता असं मी म्हणत नाही. विंडोज 95 च्या सुरुवातीला एक पार्टिशन 2 जीबीच्या वर जातच नव्हतं, तेव्हा मोठ्या डिस्कचे तुकडे करावेच लागत. सोबत लिनक्स टाकायचं असेल तर आजही करा. पण घरच्या एका एसएसडीवर तीन तुकडे कशासाठी? वेग वाढत नाही त्यानं.

"डेटा डी मध्ये ठेवा, सेफ राहतो." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. 2016 मध्ये हेच ऐकून बाबांचे सगळे फोटो स्कॅन करून डी वर ठेवले होते, त्यांच्या हस्ताक्षरातल्या पत्रांसकट. हार्ड डिस्क गेली. सी गेला, डी गेला, ई पण गेला, एकाच दुपारी. डिस्क एकच होती ना बाप्पा! विंडोज नव्यानं टाकताना डी वाचतो, तेवढंच. डिस्क मेली की काही वाचत नाही. बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवरची प्रत. हे त्या दुकानात एकानंही सांगितलं नाही. बाबांचे तीनच फोटो उरले आहेत आता, तेही कागदावर होते म्हणून.

आणि तो डेस्कटॉप! तोही सी वरच असतो ना. मागे एकदा दुसऱ्या एकानं "फक्त सी फॉरमॅट करतो, तुमचा डेटा डी मध्ये आहे ना" म्हणत बायकोच्या डेस्कटॉपवरची वर्षभराची शिकवणीची टिपणं उडवली. विचारलं नाही. कोणीच विचारत नाही! एका घरात कोण किती गेम टाकतो, कोणाचे व्हिडिओ किती, हे त्यांना काय माहीत?

आता बाहेरची डिस्क लावून डी आणि ई दोन्ही कॉपी करतोय. अजून तीन तास दाखवतोय, कूलरचं पाणी संपलं, वीज जाऊ नये एवढंच. झालं की पूर्ण ड्राइव्ह पुसून एकच सी करणार आणि विंडोज माझ्या हातानं टाकणार. त्या दुकानात आता माउस घ्यायलाही जाणार नाही.