कुलर, अंडरब्रिज आणि दुसरा शनिवार

डिसेंबरात दाढ दुखली, डॉक्टर म्हणाले रूट कॅनल आणि वरून कॅप, आणि मी खुर्चीत आ वासून पडल्यापडल्या कोणाकोणाकडे उसने मागता येतील त्याची यादी करत होतो. यादी तीन नावांवर संपली, त्यातल्या दोघांचं आधीचंच देणं होतं. म्हणून जानेवारीत ठरवलं, बस, आता इमर्जन्सी फंड.

जाणकार म्हणतात तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजे. आमचा महिन्याचा 38 हजार, सहाने गुणलं तर 2 लाख 28 हजार. आकडा कागदावर लिहिला, थोडा वेळ पाहिला आणि कागद उलटा करून ठेवला. बायको म्हणाली, "अहो, आधी महिन्याला दोन हजार तर टाका, सहा महिन्यांचं मग पाहू."

टाकायचे कुठे हा वेगळाच ताप. पोस्टाची आरडी महिना 100 रुपयांपासून होते, पण ती 5 वर्षांची, आणि मधेच मोडायची तरी 3 वर्षं थांबा, आमच्या इमर्जन्स्या काही एवढ्या समजूतदार नाहीत. पगाराच्या खात्यात ठेवले तर तर्री पोह्याच्या ठेल्यावरच संपतात, स्कॅन केलं की गेले. शेवटी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, एटीएम कार्ड घेतलं नाही, यूपीआय जोडलं नाही आणि पासबुक बायकोच्या शालूखाली ठेवलं. शालू लग्नानंतर दोनदाच बाहेर निघाला आहे, म्हणजे जागा सेफ.

एकच चूक झाली, आईला सांगितलं. आईने त्याच संध्याकाळी वर्ध्याच्या मावशीला फोनवर, "हो ना गं, पोराने अडीअडचणीचे पैसे टाकून ठेवले." फंडात तेव्हा 2 हजार होते.

मार्चमध्ये होळी झाली आणि छतावरचा कुलर खाली उतरवला. नागपुरात हा एक सोहळाच असतो, दोघं जण जिन्यातून लोखंडी डबा उतरवतात, एकाचा अंगठा चेपतो, टाकीत मागच्या वर्षीचा गाळ आणि एक मेलेली पाल निघते. ताट्यांची घास वाळून चुरा झालेली, हात लावला की अंगभर. स्विच लावला तर मोटर नुसती हूं हूं करून राहिली, फिरेचना. मिस्त्री आला, त्याने पंख्याला बोटाने एक टिचकी मारली आणि म्हणाला, "जळली ना भाऊ." रिवाइंडिंग 900, पंप 350, घास 250. मी ताठ मानेने म्हटलं, काही टेन्शन नाही, फंड आहे. 6 हजारांचे 4,500 झाले.

रात्री बायकोने शांतपणे विचारलं, "मागच्या मार्चमध्ये काय जळलं होतं?"

"मोटर."

"त्याच्या आधीच्या?"

"पंप."

"मग यात अचानक काय आहे?"

आता याला काय उत्तर द्यावं. ज्या गावात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता तिथे उन्हाळा आला म्हणून दचकणारा मीच. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पेनाने गोल करत सुटली, एप्रिल-मे लग्नांचे आहेर, जूनच्या शेवटी शाळा उघडली की वह्या-पुस्तकं-बूट, ऑगस्टमध्ये स्कूटरचा इन्शुरन्स, तान्ह्या पोळ्याला पोट्ट्याचा लाकडी नंदी आणि दारी येणाऱ्या पोरांना द्यायचा बोजारा, मग दिवाळी. माझे बारा महिन्यांचे सगळे अचानक खर्च तारखेसकट भिंतीवर. त्यांच्यासाठी तिने वेगळं पाकीट केलं आणि फंडाला हात लावायचा नाही असा दम दिला.

मी खरंच लावला नाही, जुलैपर्यंत 12,500 झाले. आणि तुम्हाला सांगतो, पैसे साठायला लागले की माणूस चेंगट होतो. मी अधूनमधून शालू उचलून पासबुक पाहून यायचो.

मग जुलैतल्या एका शनिवारी धो धो पाऊस, नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजखाली पाणी, पुढचा बुलेटवाला आरामात निघाला म्हणून मीही घातली. मधोमध स्कूटर बंद. ढकलत मेकॅनिककडे नेली. "पाणी घुसलं ना भाऊ इंजिनात. खोलावं लागते. 6,800 पकडून चला."

आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा, तर "साळ्याला फोन करतो." बायको फोनवर ओरडली, "अहो, मग फंड कशाला आहे?" म्हटलं, इमर्जन्सीला. "मग ही काय आहे?" म्हटलं, याच्याहून मोठी आली तर?

तिकडून फोन कट. निमूटपणे बँकेत गेलो. शटर बंद. दुसरा शनिवार! कार्ड नाही, यूपीआय नाही, स्वतःपासून एवढे पक्के लपवले होते की इमर्जन्सीलाही सापडेनात.

मेकॅनिक म्हणाला, "सोमवारी द्या ना भाऊ, कुठं पळून राहिले तुम्ही."

सोमवारी दिले. उरले 5,700. संध्याकाळी आई मावशीशी बोलत होती, "होते म्हणून निभावलं गं बाई. हो, आहेत ना अजून, पाच-साडेपाच हजार."

मावसभाऊ रविवारी येऊन राहिला आहे. सहजच, म्हणतो.