रंग मी भरलेले नाहीत!

परवा पुन्हा तेच. रोझेट तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या एका ढगाचा, मी काढलेला फोटो दाखवला आणि पहिला प्रश्न, "हा लाल रंग फोटोशॉपमध्ये भरलास ना?"

अरे, नाही भरला! तो हायड्रोजनचा लाल आहे, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना लाल जवळजवळ कळतच नाही, म्हणून दुर्बिणीतूनही तो दिसत नाही. नेहमीच्या कॅमेऱ्यातला फिल्टरसुद्धा तो बराचसा अडवतो. तो फिल्टर मी मुद्दाम काढून घेतलाय. माळशेजच्या माथ्यावर जानेवारीच्या थंडीत रात्र काढली. तीन-तीन मिनिटांच्या ८० फ्रेम, म्हणजे चार तास! लेन्सवर दव धरू नये म्हणून हीटरचा पट्टा गुंडाळलेला, बोटं बधिर, आणि मधेच कुणाच्या तरी गाडीचे हेडलाइट. दोन फ्रेम गेल्या. मग घरी डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचा नॉइज आणि लेन्सचे डाग घालवायच्या फ्रेम), स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करणं), स्ट्रेचिंग. स्ट्रेचिंग म्हणजे काळोखाला चिकटलेला उजेड वर काढणं, नसलेलं आणून चिकटवणं नव्हे. रंग थोडा गडद करतो, हो. पण तो प्रकाश सुमारे ५००० वर्षं चालत आलाय, आणि लोक एका वाक्यात त्याला खोटा ठरवतात. जीव तुटतो हो!