मॉबमध्ये उभे राहू इच्छिणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला सिनेमात काम करण्यासाठी निराळे कारण लागत नाही. बाबुराव पेंटरांनी देशी कॅमेरा इथेच घडवला, १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ इथेच तयार झाला आणि १९२९ साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली असली तरी मूळची आपलीच, हे सारे आपण परगावच्या पाहुण्याला मिसळीचा पहिला घास उतरण्याआधीच ऐकवतो. शिवाय पेठेतल्या प्रत्येक घरात एक तरी आजोबा असे निघतात, जे जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात मावळा म्हणून धावले होते. या सर्व आजोबांची बेरीज केली, तर एवढे मावळे प्रत्यक्ष महाराजांच्या पदरीही नसावेत. तेव्हा मॉबमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या गर्दीत, उभे राहण्याची आपली इच्छा हा वारसाहक्काचाच प्रश्न आहे आणि तो हक्क कसा बजावावा, हे सांगण्याचा अधिकार मला अनुभवाने आलेला आहे. आजवर मी पडद्यावर दोनदा दिसलो असून, त्यांपैकी एकदा फक्त माझे कोपर होते.

प्रथम कोऑर्डिनेटरशी, म्हणजे शूटिंगला गर्दीची माणसे पुरवणाऱ्याशी, सलोखा ठेवावा. हा सद्गृहस्थ रात्री अकराला फोन करतो आणि आपल्याला ‘हिरो’ म्हणून हाक मारतो. यात हुरळून जाण्यासारखे काही नाही. त्याच्या वहीत दीडशे माणसे असतात आणि नावे लक्षात ठेवण्यापेक्षा सर्वांना एकच पदवी देणे सोयीचे पडते. “हिरो, उद्या पहाटे पाचला दसरा चौकात थांब, टेम्पो येतोय,” एवढे बोलून तो फोन ठेवतो. पैशांचा विषय आपण काढू नये. काढलाच, तर शांतारामबापूसुद्धा महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करूनच मोठे झाले, हा इतिहास तो ऐकवतो. इतिहास खरा असल्यामुळे आपल्याला प्रतिवाद करता येत नाही आणि पैसे पुढच्या आठवड्यावर जातात. ते हाती पडतात तेव्हा त्यांतून त्याचा हिस्सा आधीच वजा झालेला असतो, ही त्याची तत्परता मात्र वाखाणण्याजोगी आहे.

पहाटे पाचला बोलावले म्हणजे काम पहाटे सुरू होईल, असा बालिश समज करून घेऊ नये. मोरेवाडीच्या चित्रनगरीत उजाडता उजाडता पोहोचून, पोहे खाऊन, दुपारी तीनपर्यंत सावली सरकेल तसतसे सरकत राहणे, हेच मुख्य काम आहे. कॅमेऱ्यासमोरचे काम हा त्यातला किरकोळ व्यत्यय होय. जेवणाच्या रांगेत पुढे घुसू नये. तांबडा-पांढरा रस्सा पलीकडच्या मंडपात असतो, त्याचा वास आपल्याकडे विनामूल्य येतो, आणि वासावर वरण-भात खाण्याची सवय एकदा लागली की घरच्या जेवणातही काटकसर होते.

वेशभूषेच्या वेळी स्वतःचे मत घरी ठेवून यावे. हे मी फार किंमत मोजून शिकलो. एका ऐतिहासिक चित्रपटासाठी मी चार महिने राखून, तेल लावून, पीळ देऊन मिशी वाढवली होती. मेकअपदादाने हनुवटी धरून माझे तोंड उजेडाकडे वळवले, क्षणभर डोळे बारीक केले आणि म्हणाले, “ही कॅमेऱ्यात खोटी वाटणार.” त्यानंतर माझी मिशी उतरवण्यात आली आणि त्याच जागी डिंकाने दुसरी चिकटवण्यात आली, ती खरी वाटत होती. भर उन्हात घामाने तिचे उजवे टोक सुटले. पुढच्या साऱ्या लढाईत मी वरचा ओठ नाकाकडे दाबून धरला होता, त्यामुळे माझी ‘हर हर महादेव’ ही गर्जना डाव्या बाजूनेच बाहेर पडली. पायांतल्या वहाणांचेही तसेच. करकर वाजणाऱ्या म्हणून आपण त्यांचा जो अभिमान बाळगतो, त्याच करकरीमुळे साउंडवाला सर्वांदेखत आपल्याला त्या काढायला लावतो, आणि कोल्हापुरी वहाणांच्या गावात आपण तापल्या मातीवर अनवाणी पासिंग देतो.

पासिंग म्हणजे नायक-नायिका बोलत असताना त्यांच्या मागून आपण कामात असल्यासारखे जाणे. या वेळी आपसांत बोलायचे असते, परंतु आवाज न काढता. केवळ ओठ हलवायचे. आपल्याकडची माणसे गुपित सांगताना पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने सांगतात, त्यामुळे ही विद्या कोल्हापूरकराला सहसा साधत नाही. मूकपटाच्या काळात निदान नायकाच्या तोंडचे शब्दही कोणाला ऐकू येत नसत. पुढे बोलपट आला, तो पुढच्या रांगेपर्यंतच आला. मागच्या रांगेत मूकपट आजतागायत चालू आहे. ओठांनी काय बोलावे, याचेही पथ्य पाळावे. एकदा बाजारपेठेच्या दृश्यात मी आणि उचगावचे एक गृहस्थ उसाच्या बिलावर निःशब्द चर्चा करू लागलो. तिसऱ्या टेकला मतभेद झाले, पाचव्या टेकला त्यांनी ओठांनीच दिलेली शिवी मला अचूक ऐकू आली, आणि नायिका प्रेमाची कबुली देत असताना मागे दोन शेतकऱ्यांनी एकमेकांचे गळे धरले. तेव्हापासून मी ओठांनी फक्त बे एके बे म्हणतो.

कॅमेऱ्याकडे पाहू नये, हे तर आपल्याला टेम्पोतच बजावले जाते. या धंद्यात राहून ज्याच्याकडे मनसोक्त टक लावून पाहता येईल असा एकच कॅमेरा आहे, तो खरी कॉर्नरच्या स्तंभावरचा. संध्याकाळी तिकडून घरी जावे आणि हौस भागवावी. कंटिन्युइटीचीही काळजी घ्यावी. पहिल्या टेकला चहाचा पेला उजव्या हातात धरला असेल, तर पुढचे अकरा टेक तो उजव्याच हातात, तितकाच भरलेला असावा लागतो. चहा प्यायल्याचा अभिनय करावा, चहा पिऊ नये. आपला कप चुकून रिकामा झाला, तर ज्याने चार तासांत आपल्याकडे एकदाही पाहिलेले नाही असा सहायक दिग्दर्शक पन्नास माणसांतून नेमका आपल्यापाशी येतो. दखल घेतली जाण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे, पण तो वरचेवर वापरू नये.

संधी मिळाली, तर मरण्याची भूमिका घ्यावी. तीत बसायला मिळत नसले, तरी झोपायला मिळते. पन्हाळ्याच्या परिसरातल्या एका लढाईत मी सकाळी आदिलशाही सैनिक म्हणून मेलो. दुपारी माणसे कमी पडली, तेव्हा ड्रेसदादांनी माझा अंगरखा बदलला, पागोटे बांधले, आणि मी मावळा होऊन त्याच उतारावर, जवळजवळ त्याच जागी, स्वतःचा सूड घ्यायला धावलो. लाँग शॉटमध्ये चेहरे कळत नाहीत, हे या उद्योगाचे मूलतत्त्व आहे. मरताना मात्र नवख्याप्रमाणे भावनेच्या भरात कोठेही पडू नये. आधी दगड पाहून ठेवावा, तासाभराने सावली कोणत्या बाजूला येईल याचा अंदाज घ्यावा आणि वार कोठूनही होवो, त्याच बाजूला कोसळावे. मी घाईत कातळावर पालथा पडलो. कातळ तव्यासारखा तापलेला होता, कानात माशी शिरली होती आणि तलवारीने मेलेला माणूस फार तर किती वेळा कुशीवर वळू शकतो, यावर सहायक दिग्दर्शकाचे आणि माझे एकमत झाले नाही.

चित्रपट लागल्यावर पेठेत कोणाला सांगू नये, असे मी म्हणणार होतो. परंतु आपण ते आधीच सांगितलेले असणार. मीही सांगितले होते. घरची अकरा माणसे रांगेत बसली. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात, त्या हिशेबाने दोन सेकंदांच्या लढाईत माझी ४८ चित्रे असायला हवी होती. नेमक्या त्या वेळी आई थैलीत चष्मा शोधत होती आणि मेहुणे तिला तो शोधू लागत होते.

पुढे तो चित्रपट मोबाइलवर आला. पुतण्याने लढाई थांबवून, मागे नेऊन, पुन्हा थांबवून, बोटांनी पडदा ताणून उताराचा कोपरान्‌कोपरा धुंडाळला. शेवटी त्याने धुळीतल्या एका मावळ्यावर बोट ठेवले आणि मोठ्याने विचारले, “काका, हा तूच ना?” सारे घर वाकून पाहू लागले. त्या मावळ्याचे तोंड उघडे होते, आवेश चांगला होता आणि मिशीची दोन्ही टोके जागच्या जागी होती. मी “हो” म्हणालो.