खेड्यात म्हणे नॉइज नसते!

राजेहो, मी हॅम, म्हणजे लायसन काढून हौसेनं रेडिओवर जगभर बोलणारा माणूस. खेड्यात बँड (रेडिओलहरींचा पट्टा) एकदम शांत असते, तुमच्याकडे नॉइजच, म्हणजे रेडिओतली खरखर, नाई, तुम्ही नशीबवान, असं ज्या कोणत्या शहरातल्या हॅमनं पहिल्यांदा सांगितलं ना, त्याले धरून आणा अन् माह्या बोलेरोत बसवा. मी त्याले कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावर नेतो, रेडिओवर चाळीस मीटरचा बँड लावून देतो, हेडफोन कानाले बांधतो अन् दिवसभर तिथंच ठेवतो. चहापाणी देतो, उपाशी नाई ठेवत. पण संध्याकाळी त्यानं मले सांगायचं की शांतता कुठी सापडली.

पुण्याचा एक दोस्त आहे, त्याचं दर वेळी हेच सुरू. "आमच्या सोसायटीत लिफ्ट, इन्व्हर्टर, शंभर घरातले चार्जर, तुझं काय बाबा, मोकळं रान." मोकळं रान म्हणे! अरे बावा, त्या मोकळ्या रानात आता प्रत्येक धुऱ्यावर झटका मशीन आहे. माहीत नसन तर सांगतो, डुकरं अन् रोही पिकात घुसू नाई म्हणून वावराभोवती तार लावतात, बॅटरीवरची मशीन त्या तारेत दर सेकंदाले साधारण एक झटका सोडते, हजारो व्होल्टचा पण एवढासा, जनावर मरत नाई, पळते. वर सोलर पॅनल, त्यामुळे रात्रंदिवस चालू. अन् रेडिओत काय येते? टक. टक. टक. टक. एकाची नाई, चार वावरं इकडची, सहा तिकडची, प्रत्येकाची चाल वेगळी, कोणी फास्ट कोणी स्लो, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-नाइनवर जाऊन उड्या मारते अन् त्याच्याखाली कुठीतरी तो पुण्याचा माणूस एस-फाइव्हनं मले "मोकळं रान" सांगून रायला. नऊ अन् पाचात फरक चार एस-युनिटचा, म्हणजे २४ डेसिबल. पॉवरमध्ये अडीचशे पट. अडीचशे पट खाली गाडलेला माणूस ऐका म्हणते!

अन् शेतकऱ्याले बोलाची सोय नाई, कारण शेतकरी मीच. डुकराचा कळप एकदा हरभऱ्यात शिरला तर सकाळी वावर ओळखू येत नाई. पहिले लोक जागलीले जायचे, थंडीत रातभर डबे वाजवायचे. काही येडे तारेत डायरेक्ट लाईन सोडतात, त्याच्यात माणसं मेले, वाघ मेले, गुन्हे दाखल झाले. त्यापेक्षा झटका मशीन हजारदा चांगली, हे मलेबी मान्य आहे. माहा राग मशीनवर नाईच. मशीन नीट लावली, तार ताणलेली, इन्सुलेटर चांगले, तर आवाज लय कमी येते. आवाज येते तो ठिणगीचा. पण इन्सुलेटर कोण विकत आणते? पाइपाचे तुकडे, सायकलची ट्यूब, जुनी चप्पल कापून खुंटाले ठोकलेली, हे मी माह्या डोळ्यानं पाहिलं. जोड म्हणजे गंजलेल्या तारेले गंजलेल्या तारेचा पीळ. पावसाळ्यात गाजरगवत वाढून तारेले टेकते, दर झटक्याले तिथं ठिणगी, अन् ठिणगी म्हणजे काय, मार्कोनीच्या काळातला ट्रान्समीटर! शंभर वर्षांपूर्वी जगानं ज्याच्यावर बंदी घालाले सुरुवात केली ते आमच्या शिवारात दर एकरी एक चालू आहे, लायसन नाई, परीक्षा नाई. मी मात्र परीक्षा देऊन, मिनिटाले ८ शब्दांचा मोर्स कोड शिकून जनरल ग्रेडचं लायसन काढलं.

दिवसा सोलर पंपाचे कंट्रोलर गुंगतात, ऊन चढते तशी त्यायची गुंगुं वर-खाली होते. रात्री एलईडी बल्ब, स्वस्तातले, आतमध्ये फिल्टर नावाची गोष्टच नाई. पहाटे दव पडलं की ११ केव्हीच्या लाईनचे फुटके इन्सुलेटर चरचरतात. गावची लाईन गेली की बाकीचे लोक शिव्या देतात अन् मी पळत जाऊन रेडिओ लावतो, कारण बल्ब बंद, चार्जर बंद, लाईन मेलेली, मस्त वाटते एक मिनिट... अन् मंग ऐकू येते. टक. टक. टक. त्याले बॅटरी आहे ना, त्याले लाईनशी काय करायचं.

"मंग नॉइज ब्लँकर लाव ना." लावलं बावा, टकटक कापाची रेडिओतली ती सोय. हा सल्ला देणारे लोक वेगळ्या गावाले राहतात वाटते. एका मशीनची टकटक असली तर ब्लँकर बरोबर कापते. दहा मशीन असल्या अन् बाजूले एखादं जोरदार स्टेशन असलं की ब्लँकर त्या स्टेशनलेच कापत बसते, आवाज फाटून येते. डिजिटल नॉइज रिडक्शन लावलं तर माणूस हौदात तोंड बुडवून बोलून रायला असं वाटते. कॉलसाइन, म्हणजे त्याचं रेडिओवरचं नाव, विचारा, तो सांगते, मी पुन्हा विचारतो, तो पुन्हा सांगते, मंग तो "सेव्हन्टी थ्री, सेव्हन्टी थ्री" (आमच्यातला रामराम) करून निघून जाते. बरोबरच आहे त्याचं, त्यानं कायले थांबावं.

"मंग गाडी आहे ना, रेडिओ मोबाइल आहे ना, नॉइजपासून दूर जा." हे तर मले सगळ्यात जास्त झोंबते. गाडीतला मल्टीबँड सेट म्हणजे काय असते हे या लोकायले माहीत तरी आहे का? डब्यावर लिहून असते एचएफ (लांब पल्ल्याचे बँड), सहा मीटर, टू मीटर, सत्तर सेंटिमीटर, सगळं एकात, शंभर वॅटपर्यंत. सगळं एकात रेडिओ आहे हो, अँटेना नाई एकात! चाळीस मीटरच्या लहरीले पाव लांबीची अँटेना म्हणजे दहा-साडेदहा मीटर लांब दांडा. गाडीवर लागते दोन-सव्वादोन मीटरची व्हिप (लवचिक दांडी), बुडाशी कॉइल. शंभर वॅटमधले बहुतेक वॅट कॉइल तापवाले अन् जमिनीले गरम कराले जातात, हवेत किती जाते ते विचारू नका, मले रडू येते. वरून ती व्हिप इतक्या अरुंद पट्टीत चालते की ७.०६० मेगाहर्ट्झवर ट्यून केली अन् कोणी म्हटलं "७.१३० वर या" तर एसडब्ल्यूआर (अँटेनातून परत येणाऱ्या पॉवरचं माप) भडकते, रेडिओ आपोआप पॉवर पाडते. म्हणजे गाडी साइडले घ्या, उतरा, ॲलन की काढा, वरची दांडी बोटभर सरकवा, बसा, मीटर पाहा, पुन्हा उतरा. वीस मीटरवर जायचं तर आख्खी व्हिपच बदला. तोपर्यंत समोरचा जेवाले गेलेला असते.

अन् शांत जागा खरंच सापडते, नाई असं नाई. पांढरकवड्याच्या इकडे टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेले गेलं की झटका नाई, पंप नाई, एलईडी नाई, काटा पार खाली. पण तिथं संध्याकाळी गाडीतून उतरून ॲलन की घेऊन बोनेटवर वाकून उभं राहाची हिंमत तुम्ही करून दाखवा. २०१८ चं अवनी वाघिणीचं प्रकरण याच भागातलं, राळेगाव-पांढरकवडा. आमच्याकडे ती मारली जाईपर्यंत दोन वर्षं लोक वावरात एकटे जात नव्हते. अन् मी तिथं उभा राहून, कोणी ऐकते का म्हणून, "सीक्यू सीक्यू" करू?

हायवेनं चालता चालता बोलू म्हटलं तर गाडीचा स्वतःचा नॉइज. अल्टरनेटरची शिटी, ॲक्सिलेटर दाबला की वर चढते, डिझेल पंप टिकटिक करते. बोनेट, दरवाजे, सायलेन्सरचा पाइप, सगळ्याले चपट्या तारेच्या वेणीनं बॉडीले जोडलं तवा थोडं कमी झालं. तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनले म्हटलं डायरेक्ट बॅटरीवरून जाड वायर टाक, दोन्ही वायरले फ्यूज लाव, तर तो म्हणते, "भाऊ, सिगारेट लायटरमधून घ्या ना, मी सगळ्यायले तसंच करून देतो." अरे बाबा वीस-बावीस अँपिअर ओढते हे! त्यानं हट्टानं अडीच एमएमची वायर टाकली. सीटखालपर्यंत चार मीटर जायची, चार यायची, वीस अँपिअरले सव्वा व्होल्ट वायरमध्येच गेले. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४, रेडिओले भेटले अकराच्या जरासे वर, त्याले कमीत कमी ११.७ पायजे. झालं, माइकमध्ये जोरानं "ए" म्हटलं की रेडिओ बंद. "बी" म्हणाले पुन्हा चालू करा. शेवटी सहा एमएम मी स्वतः ओढली. तो इलेक्ट्रिशियन अजूनबी म्हणते की सेटच खराब होता.

मे महिन्याचं तर बोलूच नका. रेडिओचा डब्बा सीटखाली, बटनांचा पुढचा चेहरा काढून डॅशबोर्डवर चिकटवायचा अशी सोय आहे, कागदावर लय छान वाटते. आमच्याकडे ४५-४६ डिग्री, बंद गाडीत त्याच्याहून किती तरी जास्त. चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन चेहरा घसरत घसरत गिअरपाशी येते. पंखा सारखा घुं-घुं, अन् त्यात कापसाचे तंतू अन् धूळ जाऊन जाळी बुजते. बटनं इतकी बारकी अन् प्रत्येक बटनाचे तीन-तीन अर्थ, खड्ड्यात गाडी आदळली की बोट भलतीकडे पडते अन् स्प्लिट चालू होते, मंग मी एकीकडे ऐकून रायलो अन् दुसरीकडेच बोंबलून रायलो, अर्धा तास कोणी उत्तर काहून देत नाई म्हणून. मेन्यूत शिरून ते बंद करा, तर मेन्यूत नव्वदच्या घरात नंबर. चष्मा लावून गाडी चालवताना? नाई होत बावा.

टू मीटरची तर गोष्टच संपली. ५० वॅट एफएम, झकास स्वच्छ आवाज, नॉइजचा त्रास जवळपास शून्य, पण बोलू कोणाशी? माह्या टप्प्यात एक रिपीटर (आवाज पकडून पुढं पाठवणारं मशीन) नाई, एक हॅम नाई. टू मीटरची लहर (व्हीएचएफ) नाकासमोर जाते, टेकडीच्या पलीकडे नाई. गंमत सांगतो, स्पेस स्टेशन डोक्यावरून जाते तवा ४३७.८०० मेगाहर्ट्झवर त्याचा रिपीटर चकाचक ऐकू येते, चारशे किलोमीटर वर आहे ते. तामिळनाडूचा माणूस, बंगालचा माणूस, सगळे त्याच्यावरून बोलतात, दहा मिनिटं मजा, मंग क्षितिजाखाली गेलं की पुन्हा सन्नाटा. म्हणजे अंतराळातलं मशीन ऐकू येते अन् अमरावतीचा माणूस ऐकू येत नाई!

अन् लोकायचे प्रश्न. "हे कितीचं?" हा पहिला. आकडा ऐकला की "याच्यात तर चांगली गोऱ्ह्याची जोडी आली असती." दुसरा, "याच्यावर गाणे लागत नाई का?" तिसरा, "मोबाइल असताना कायले पायजे?" वादळात टॉवर पडला होता तवा कोणी हे विचारलं नाई, तवा सगळे गाडीपाशी. गडचिरोलीकडे गेलो की नाक्यावर त्या दांड्याकडे पाहून गाडी थांबवतातच, लायसन दाखवा, कॉलसाइन सांगा, त्यायचं काम आहे ते, तक्रार नाई, पण मागच्या सीटवर मामी बसली होती तिनं त्या दिवसापासून माह्या गाडीत बसणं सोडलं.

आता खरा कहर ऐका. झटक्याच्या तारेत गळती कुठी आहे ते शोधाले मी एकदा रेडिओ एएमवर लावून धुऱ्याधुऱ्यानं गाडी फिरवली. खाली ७ मेगाहर्ट्झवर टकटक सगळीकडूनच येते, दिशा कळत नाई, पण जसजसं जवळ जाऊ तसतसं वरच्या बँडवर जायचं, २८, मंग ५०, मंग १४५, तिथं फक्त जवळचीच ठिणगी ऐकू येते. सरळ त्या खुंटापाशी जाऊन उभा रायलो, चप्पलच्या तुकड्यातून ठिणगी चालू. मालक म्हणे, "बाप्पा, पंधरा दिवसापासून तार मारत नव्हती, मी मशीन बदलाले चाललो होतो." मल्टीबँडचा एवढा चांगला उपयोग मले तरी आजवर झाला नव्हता.

पण गावात बातमी गेली ना. आता माहा जगभर बोलणारा शंभर वॅटचा सेट म्हणजे तार तपासाची मशीन झाली आहे. सकाळी सहाले फोन, "भाऊ, ते तुमचं टकटकवालं घेऊन या ना, आमची तार मारत नाई." नेमका त्याच वेळी चाळीस मीटरवर सकाळचा नेट, म्हणजे हॅम लोकायची ठरलेली रेडिओ-बैठक, सुरू असते, मंग नेट सोडून मी कोणाच्या तरी तुरीत. बाजूच्या गावातून फोन येतात. एक जण म्हणते माह्या जावयाच्या वावरात या, तो वणीकडे राहते. इन्सुलेटर घ्या म्हटलं, शंभर-दोनशे रुपयाचे येतात, तर "पुढच्या वर्षी पाहू". डिझेलचे पैसे कोणी देत नाई. कालच एक जण वर तोंड करून म्हणे, "तुमची मशीन गळती शोधते तं बरोबर, पण गवत कापून नाई देत काय?"