हे सगळं सुईला दिसतं का?

आठवडाभर सोलापुरातल्या मेकॅनिक मंडळींच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. हेलिकॉप्टरच्या शेपटीपाशी उभा राहून एक जण सांगतो: झाकणं उघडत बसणं म्हणजे बिल वाढवायचा धंदा. ग्रीसगनला लांब सुई लावा, फटीतून घुसवा, बाहेर येईस्तोवर मारा. जास्त झालं तर बेअरिंग उलट गार राहतं. आणि ग्रीस कुठलंही चालतं. पूर्वभागातल्या यंत्रमागांची देखभाल करणाऱ्या आमच्या जॉबरने तो मला पाठवून खाली लिहिलं, "काका, आपण मागाला असंच मारतो की!" वीसेक वर्षं हेलिकॉप्टरांच्या पोटाखाली काढलीत, म्हणून उत्तर देतो.

आधी झाकणाचं. शेपटीच्या पंख्याला फिरवणारा लांब शाफ्ट वाटेत बेअरिंगांवर टेकलेला असतो. काही बेअरिंगं अशा कोपऱ्यात, की हात जातो पण डोळा जात नाही. झाकण काढायचं ते मुख्यतः जुनं ग्रीस काय रूपात बाहेर येतंय ते बघायला. निपल, म्हणजे ग्रीस आत सोडायचं बारकं तोंड, फडक्याने पुसायचा, नाहीतर त्यावरची धूळ आपणच आत ढकलतो. मग गनचा दांडा सावकाश दाबत, आरसा नि टॉर्च धरून सीलच्या, म्हणजे ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवणाऱ्या कडीच्या, कडेवर नजर ठेवायची. निघालेलं ग्रीस चिमटीत घेऊन उन्हात चोळायचं. ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर पाणी शिरलंय. जळका वास आला, तर बेअरिंग तापतंय. बोटावर वर्खासारखी चमक उरली, तर गन खाली ठेवून इंजिनिअरला हाक मारायची. त्या बेअरिंगचं दुखणं आता ग्रीसने जाणारं नाही. हे सगळं सुईला दिसतं का?

'बाहेर आलं म्हणजे आत गेलं', हेही खोटं. नवीन असताना माझा हातमोजा ग्रीसने भरला, मी खूश. सीनियरने आरसा धरला: ग्रीस निपलच्या तोंडाशीच परत येत होतं, सीलपाशी कोरडंठक्क. निपल चोंदलेला. त्या दिवशी शिव्यांवर भागलं. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं, ८८ माणसं गेली. ते हेलिकॉप्टर नव्हतं, पण दुखणं याच जातीचं. शेपटीतल्या मोठ्या स्क्रूच्या नटाला पुरेसं ग्रीस मिळत नव्हतं, त्याचे आटे झिजून संपले. नटात ग्रीस जाण्याची वाट वाळून घट्ट झालेल्या ग्रीसने बुजलेली सापडली. तिथलं झाकणही इतकं लहान, की ते मोठं करा अशी शिफारस चौकशीनंतर झाली. आणि आपला व्हिडिओवाला म्हणतो, झाकण उघडूच नका.

जास्त ग्रीसने बेअरिंग गार राहत नाही, तापतं. मोकळी जागा ठासून भरली की गोळ्या ते ग्रीस घुसळत बसतात. शिवाय हाताच्या गनचा दाब हजारो पीएसआयवर जातो. तेवढ्या दाबाने सील उलटतं आणि धुळीला दार उघडं. काही बेअरिंगं कायमची बंद असतात, काही रोटरमध्ये, म्हणजे पंख्यात, रबर आणि धातूच्या थरांची. त्यांना ग्रीस लावायचंच नसतं, रबर खराब होतं.

'कुठलंही ग्रीस' हे तर सोडूनच द्या. एक ग्रीस मातीने घट्ट केलेलं, एक लिथियमचं. दोन्ही उत्तम, पण मिसळली की बहुतेक वेळा पातळ होऊन वाहून जातात. डब्याचा रंग बघू नका, नंबर मॅन्युअलशी ताडून बघा.

सुईशी मात्र माझं भांडण नाही. निपल खोल दबलेला असेल तर तसं टोक लागतंच. ते निपलच्या तोंडाला टेकवायचं, सीलमधून भोसकायचं नाही.

जॉबरला हे फोनवर सांगितलं. रात्री त्याने फोटो धाडला: नऊ नंबरच्या मागाचा निपल, तोंडात कापसाचे तंतू आणि वाळकं ग्रीस. "टाचणीने काढतोय," म्हणाला. अरे, टाचणी नको. निपल बदल.