आर-२२चं इंजिन बंद पडलं, तर कलेक्टिव्ह वर नाही, खाली!

‘रॉबिन्सन आर-२२, दोन सीटचं हेलिकॉप्टर, आठवड्यात शिका’ असा एक मेसेज फिरतोय. तो आता हेलिकॉप्टर शिकायला निघालेल्या माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय, म्हणून गप्प बसवत नाही. त्यातला एक सल्ला सरळ जीव घेणारा आहे, तो आधी.

‘इंजिन बंद पडलं तर डाव्या हाताचा लिव्हर वर ओढा, हेलिकॉप्टर तरंगत राहतं.’ साफ उलटं! हा लिव्हर म्हणजे कलेक्टिव्ह. तो वर ओढला की पात्यांचा कोन वाढतो, हवेचा विरोध वाढतो आणि इंजिनाचा जोर नसल्याने रोटरचे, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांचे, फेरे झपाट्याने घसरतात. आर-२२चा रोटर मुळात हलका, साठलेली ऊर्जा थोडी. रोटरच्या फेऱ्यांच्या मापकावर ९७ टक्क्यांना हॉर्न वाजतो. ८०च्या आसपास पाती स्टॉल झाली, म्हणजे त्यांची उचलून धरण्याची ताकद गेली, की मग काहीही ओढा, उपयोग नाही.

करायचं ते असं: कलेक्टिव्ह तत्काळ पूर्ण खाली. नाक डावीकडे वळेल, ते उजव्या पेडलने सावरायचं. वेग ६५ नॉटच्या (ताशी १२० किलोमीटरच्या) आसपास. आता खालून येणारी हवाच रोटर फिरवते. फेरे ९७ ते ११० टक्क्यांत राखायचे. जमीन ४० फुटांवर आली की सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारी दांडी) मागे घेऊन नाक उचलायचं, ८ फुटांवर हेलिकॉप्टर सरळ करायचं आणि अगदी टेकताना कलेक्टिव्ह वर. हे कंपनीच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय. तिची सेफ्टी नोटीस क्रमांक १० तर सांगते की हलक्या हेलिकॉप्टरांच्या प्राणघातक अपघातांचं एक मुख्य कारण फेरे न राखणं हेच आहे.

‘गाडीचं इंजिन बसवलंय.’ खोटं. ते लायकमिंगचं चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं विमानाचंच इंजिन आहे, ठिणगी पाडणाऱ्या दोन मॅग्नेटोंचं. दमट हवेत त्याच्या कार्बोरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरतं, आणि फेरे कायम राखणारा गव्हर्नर आपणहून थ्रॉटल उघडत राहिल्याने ते चटकन लक्षात येत नाही. म्हणून मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) १८ इंचांखाली नेताना कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढायची. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

‘पिठाच्या गिरणीसारखा पट्ट्यावर चालतो.’ बरं, इंजिनाची ताकद रोटरकडे नेणारे पट्टे आहेत, दोन दुहेरी व्ही-बेल्ट. क्लचची विद्युत मोटर ते ताणते आणि तेवढा वेळ क्लचचा दिवा लागतो. उड्डाणात तो १० सेकंदांहून जास्त पेटून राहिला तर क्लचचा सर्किट ब्रेकर ओढून उतरायचं. पट्टे तुटले तरी सायकलसारख्या फ्रीव्हीलमुळे रोटर मोकळा फिरतो.

‘आठवड्यात शिका.’ अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने १९९५ साली आर-२२ आणि त्याच कंपनीच्या आर-४४साठी खास नियम केला: आर-२२ एकट्याने उडवण्याआधी विद्यार्थ्याला त्याच हेलिकॉप्टरवर प्रशिक्षकासोबत किमान २० तास. कारण हे यंत्र चुका पोटात घालत नाही. सायक्लिक झटकन पुढे ढकलला की रोटरवरचा भार जातो आणि हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडू लागतं. तेव्हा हात आपसूक डावीकडे जातो, आणि रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर (रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर) आपटून मास्ट तुटू शकतो. आधी सायक्लिक हळूच मागे घेऊन भार परत आणायचा, डावीकडे त्यानंतरच.