‘चालू-बंद’च्या आकृतीत न मावणारं यीस्ट

लहान जीटीपेझ विकरांची (जीटीपी हा रेणू धरून-तोडून पेशीतली कामं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची) एक आकृती नोट्सपासून व्हिडिओंपर्यंत सगळीकडे फिरत असते. डावीकडे जीडीपी हा दोन फॉस्फेटांचा रेणू धरलेलं ‘बंद’ प्रथिन, उजवीकडे जीटीपी हा तीन फॉस्फेटांचा रेणू धरलेलं ‘चालू’ प्रथिन, मध्ये दोन बाण. खालचा मजकूरही ठरलेला: जीईएफ प्रथिन जीडीपीला फॉस्फेट जोडून विकर चालू करतं, जीएपी हे दुसरं प्रथिन ते बंद करतं, जीडीआय हे तिसरं त्याला कोंडून ठेवतं, आणि हे सगळं यीस्टमधलं, माणसाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

फॉस्फेट जोडण्याची गोष्ट सरळ चूक आहे. जीईएफ फॉस्फेटला हातच लावत नाही. विकराच्या खाचेत जीडीपी इतका घट्ट बसलेला असतो की आपोआप सुटायला त्याला फार वेळ लागतो. जीईएफ त्या खाचेची ठेवण बिघडवतं, जीडीपी निसटतो आणि रिकाम्या जागी नवा रेणू येऊन बसतो. पेशीत जीडीपीपेक्षा जीटीपी कितीतरी जास्त असल्यामुळे हा नवा रेणू बहुतेक वेळा जीटीपी असतो. जीईएफ फक्त दार उघडतं. आत कोण येणार हे बाहेरच्या गर्दीवर ठरतं.

मग खरा प्रश्न उरतो तो हे दार कुठे उघडतं याचा. यीस्टची कलिका, म्हणजे पेशीच्या अंगावर येणारा नव्या पेशीचा कोंब, कुठे फुटणार हे सीडीसी४२ या जीटीपेझवर अवलंबून असतं आणि त्याचं मुख्य जीईएफ म्हणजे सीडीसी२४. जीवशास्त्रज्ञ लेलँड हार्टवेल यांनी पेशीचक्राची, म्हणजे पेशी वाढून विभागण्याच्या क्रमाची, जनुकं शोधली, त्या शोधात सापडलेल्यांपैकी हे एक. तापमान वाढलं की निकामी होणारं सीडीसी२४ असलेल्या पेशी गरम वातावरणात फुगत जातात, पण गोलच राहतात. कलिका येत नाही. वाढ थांबलेली नसते, तिला दिशा नसते. निरोगी पेशीत हेच सीडीसी२४ पेशीचक्राच्या सुरुवातीला फार१ नावाच्या प्रथिनाला बांधलेलं, केंद्रकात असतं. वेळ आली की ते बाहेर पडतं आणि बेम१ हे प्रथिन त्याला पेशीपटलावर जिथे सीडीसी४२ आधीच सक्रिय आहे तिथेच धरून ठेवतं. त्यामुळे त्या ठिकाणी आणखी सीडीसी४२ सक्रिय होतं. आकृतीतल्या बाणाला पत्ता नसतो, आणि इथे सगळी करामत पत्त्याचीच आहे.

आता जीएपी, म्हणजे जीटीपी तोडायला विकराला मदत करणारं प्रथिन. ‘बंद करणारं’ हे वर्णन पूर्ण खोटं नाही. रास या आणखी एका जीटीपेझच्या बाबतीत ते बरंचसं लागू पडतं: यीस्टमधली इरा१ आणि इरा२ ही जीएपी काढून टाकली तर रास सक्रियच राहतं, उपासमार झाली तरी पेशी नीट थांबत नाही आणि उष्णतेचा धक्का तिला सोसवत नाही. पण याच उदाहरणावरून सरसकट नियम काढला की गाडी अडते ती आरएसआर१पाशी.

आरएसआर१ म्हणजेच बड१ हे जीटीपेझ कलिकेची जागा निवडतं. एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत नवी कलिका आधीच्या कलिकेच्या खुणेशेजारी येते, द्विगुणित (दोन संच असलेल्या) पेशीत दोन टोकांपैकी एका टोकाला. जॉन चँट आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी १९९१ साली दाखवलं की काही जनुकं बिघडली तर ही शिस्त मोडते आणि कलिका वाटेल तिथे फुटते. अशा जनुकांपैकी बड५ हे आरएसआर१चं जीईएफ आणि बड२ हे जीएपी. बटणाच्या हिशेबाने दोघांच्या अभावाचे परिणाम उलटे यायला हवेत. प्रत्यक्षात दोन्हीकडे तोच गोंधळ. विकर बंद अवस्थेत अडकलं काय आणि चालू अवस्थेत अडकलं काय, पेशीच्या दृष्टीने सारखंच. तिला हवं असतं ते योग्य जागी सतत फिरणारं चक्र. हा निकाल माहीत असूनही ती आकृती जशीच्या तशी शिकवली जाते, याचं मला नवल वाटतं.

सीडीसी४२ची तर चार जीएपी आहेत: बेम२, बेम३, आरजीए१ आणि आरजीए२. काम निव्वळ विझवण्याचं असतं तर त्यांच्या कामांत फरक दिसायला नको होता. पण एकटं आरजीए१ काढलं तरी नवी कलिका जुन्या विभाजनाच्या जागेतच उगवू लागते. म्हणजे त्या जागेवर पहारा त्याचाच. आणि एकाहून अधिक जीएपी गमावली की कलिकेच्या मानेभोवतीचं सेप्टिन या प्रथिनांचं कडं नीट बांधलं जात नाही. ते बांधायला जीटीपी नुसता बसून चालत नाही, तो तुटावाही लागतो.

जीडीआयबद्दल थोडक्यात. आरडीआय१ हे यीस्टमधलं जीडीआय सीडीसी४२ला पटलावरून उचलून पेशीद्रवात नेतं, तिथून ते पुन्हा पटलावर येऊ शकतं. याला कोंडणं म्हणता येत नाही, ही ने-आण आहे. शिवाय आरडीआय१ नसलेली पेशी मरत नाही, कलिकाही काढते.

राहिलं माणसाशी नातं. यीस्टची स्वतःची दोन्ही रास जनुकं काढली तर पेशी जगत नाही, पण एच-रास हे मानवी रास जनुक दिलं की जगते. हे १९८५ साली दाखवलं गेलं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या आजारात बिघडणारं एनएफ१ जनुक १९९० साली हाती आलं, तेव्हा त्याच्या प्रथिनाचा एक भाग इरा१ आणि इरा२शी जुळणारा निघाला. तो भाग इरा नसलेल्या यीस्टमध्ये घातल्यावर त्या पेशी पुन्हा उष्णतेचा धक्का सोसू लागल्या.